थेंबाचं वय

बर्फाच्या डब्याचं झाकण बसत नव्हतं. रोहिणीनं पर्स बाकावर ठेवली, दोन्ही तळवे झाकणावर टेकले आणि अंग टाकून दाबलं, तेव्हा कुठं ते कट्ट आवाज करून बसलं.

"जमलं बघा तुम्हाला," हर्षला म्हणाली. "माझ्याच्यानं पहिल्या झटक्यात कधीच बसत नाही."

हर्षला हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. पांढरा कोट, खिशाला तीन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ती डबा घेऊन उभी होती, ती आतून येणाऱ्या एका थेंबासाठी. आत टेबलावर रोहिणीचा नवरा, योगेंद्र, पूर्ण भूल देऊन झोपवलेला होता.

आठवड्यापूर्वी हर्षलानं सगळं फोड करून सांगितलं होतं. नसबंदीत बीज वाहून नेणारी नळी कापून बांधतात. आता ती सोडवून पुन्हा जोडायची. पण जोडण्याआधी नळीच्या मागच्या तोंडातून जो थेंब येतो, तो काचेवर घेऊन बघतात. पाण्यासारखा असला, बीज दिसलं, तर मागची वाट मोकळी, सरळ जोड. घट्ट असला तर मागं कुठंतरी तुंबून फुटलेलं. त्याच थेंबातली प्रथिनं हर्षला मोजणार होती. नळी किती वर्षं बंद होती त्याप्रमाणे ती बदलत जातात, असं तिचं काम होतं.

"म्हणजे बांध घातलेल्या खाचरासारखं," रोहिणी तेव्हा म्हणाली होती. "पहिल्या साली पाणी नितळ. मग शेवाळ. मग नुसता गाळ."

हर्षला हसली होती. "हेच लिहायला मला वीस पानं लागली."

आता बाकाच्या दुसऱ्या टोकाला सासू, मोतीबाई, बसली होती. हिरवं लुगडं, पाय वर घेतलेले, मांडीवर पानसुपारीची चंची. शेजारी चौक गावाकडचा एक म्हातारा, बुधाजी, मुलाच्या मुतखड्यासाठी आलेला. तो मघापासून मोतीबाईकडं मान वाकडी करून बघत होता.

"तू धवलारीण ना गं? तुपगावच्या मांडवात बघितलेली."

"तुमच्या धाकट्या भावाचं लगीन मीच लावलेलं," मोतीबाई म्हणाली. "बैशाखातली पंचमी, सोमवार. नवरीचा मामा रुसून टेंपोत बसलेला."

"आयला! खरंच की. सोमवारच."

"धवलारीण इसरली तर नवरा-नवरी उभीच र्‍हातील मांडवात."

"आमची म्हातारी सकाळचं दुपारी इसरते."

"ती इसरत नाय. तुमी ऐकत नाय."

बुधाजी दात नसलेल्या तोंडानं मोठ्यानं हसला. मोतीबाईच्या त्या कलेला साऱ्या पंचक्रोशीत मान होता. हळद दळण्यापासून सून उंबऱ्यात घेईपर्यंत लग्नातला एकेक विधी ती गाऊन लावायची. कागद नाही, पोथी नाही. सगळं कंठात.

"पोराला काय झालंय?" बुधाजीनं विचारलं.

"हर्निया. ओझी उचलतो नं."

"नि ही सून? हिला काय पोरंबाळं?"

"घरात दोन हायत, पयलीची. कान्हा नि हिरू." मोतीबाईनं चंचीची दोरी ओढली. "हिचं काय नाय. पाच वरसं झाली. भुईच खडकाल, तर बी काय करील?"

बुधाजीनं 'च्च' केलं आणि रोहिणीकडं बघायचं टाळलं. रोहिणीनं बर्फाच्या डब्यावर जमलेलं पाणी बोटानं निपटलं. पाच वर्षांत हे वाक्य तिनं किती तोंडी ऐकलं होतं. पण आज तिला ते एवढं लागलं नाही. आजचा शेवटचा दिवस, असं ती मनाशी म्हणत होती. आज थेंब निघेल, आणि या बाईला ऐकावंच लागेल.

तसं योगेंद्रनं कबूल केलं होतं. चैत्रात रोहिणीनंच हट्ट धरून त्याला कर्जतच्या डॉक्टरकडं नेलं. तपासणीच्या कागदावर बीज शून्य. परतताना पळसदरीच्या धरणाखाली त्यानं मोटरसायकल उभी केली आणि दगडावर बसून रडला. पहिली बायको गोदा गेली तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणाला. वाटलं, आता कशाला लगीन नि कशाला काय. एकटाच जाऊन नसबंदी करून आलो. सहा वरसं झाली. कुणाला बोललो नाय. आयेला पन नाय.

रोहिणीनं त्याला बाटलीतलं पाणी पाजलं होतं. बायकोच्या दुःखात वेडावलेल्या माणसावर किती रागवायचं? तिनं एकच मागणं मागितलं. आईंना सांगा. माझ्यात खोट नाही, एवढं एकदा त्यांच्या कानावर घाला.

"ऑपरेशन होऊ दे गं," तो म्हणाला होता. "थेंब चांगला निघू दे. मग मीच सांगन आयेला. घरात, सगल्यांसमोर."

म्हणून हर्निया. म्हणून हॉस्पिटलात आल्यापासून रोहिणीनं हर्षलाला दोनदा बजावलं होतं, सासूबाईंच्या पुढ्यात काही बोलू नका.

अकराच्या सुमारास आतून कुणीतरी हाक मारली. हर्षला डबा घेऊन गेली. पाऊण तासानं बाहेर आली ती एकटीच, मास्क हनुवटीखाली ओढलेला. तिनं रोहिणीला खिडकीशी बोलावलं. खिडकीतून जुना हमरस्ता दिसत होता; घाटाकडं निघालेले ट्रक रांगेत उभे होते.

"उजव्या बाजूचा थेंब आला," हर्षला हलक्या आवाजात म्हणाली. "घट्ट आहे. टूथपेस्टसारखा. बीज एकही नाही."

रोहिणीनं खिडकीचा गज धरला.

"घाबरू नका, त्याला उपाय आहे. आणखी मागं जाऊन जोडतात. वेळ जास्त लागतो, खात्री कमी असते, पण करतात. प्रश्न वेगळाच आलाय. फॉर्मवर सहा वर्षं आहे. सर म्हणतात, सहा वर्षांच्या मानानं हे फार जुनं दिसतंय. दोन्ही बाजूंना गाठीही लागताहेत. म्हणजे आत एखादा आजार असू शकतो. क्षयाची गाठ असते कधीकधी. मग तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, आणि आज जोडणं थांबवावं लागेल. सहा वर्षं नक्की ना? मलाही नमुना गोठवायच्या आधी त्यावर तारीख घालायचीय. ते झोपेत आहेत, तुम्हीच सांगा."

"सहाच," रोहिणी म्हणाली. "तुमच्यापुढंच सांगितलं ना त्यांनी."

"हो, तुम्ही शेजारीच होतात. ठीक आहे. मग तुकडा घ्यायला सांगते."

"कसला तुकडा?"

मोतीबाई बाकावरून उठून त्यांच्या मागं येऊन उभी राहिली होती, सगळं ऐकत. उठताना मांडीवरची चंची खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

"काही नाही, आजी. तपासणीसाठी—"

"माझ्या पोराचा तुकडा काढनार?"

"अगदी छोटा. तांदळाच्या दाण्याएवढा. आत आजार आहे की काय ते बघायला."

मोतीबाईनं आधी बंद दाराकडं बघितलं, मग हर्षलाच्या हातातल्या कागदाकडं. रोहिणीकडं तिनं बघितलं नाही.

"नका काढू," ती म्हणाली. "आजार-बिजार काय नाय त्याला. सहा वरसं नाय झाली. अकरा झाली."

"कशाला अकरा, आजी?"

"नसबंदीला त्याच्या."

बुधाजीनं खिशातून तंबाखूची डबी काढली आणि तिच्यात डोकं घातलं.

"नक्की आठवतं?"

"मला नाय आठवणार?" मोतीबाईचा आवाज मांडवात चढतो तसा जरा चढला. "भाताची झोडणी आटपलेली, पेंढा माळ्यावर चढलेला. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. माझा घट मांडलेला, तो तसाच ठेवून निघालो. कशेळ्याला कॅम्प होता. जीपमधी मी नि तो. हिरू तवा आठ म्हयन्यांची, गोदा अंगावर पाजत व्हती, तिला घरी ठेवली. तिला बाळंतपणात झटके आलेले, डॉक्टर बोलला तिसरं नको, नि तिला ऑपरेशन बी झेपायचं नाय. म्हनून मीच पोराला घेऊन गेले. येताना हळूहळू चालत आला. मी उडदाचं घुटं करून घातलं. घ्या लिवून. पन तुकडा नका काढू."

हर्षलानं लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिची नजर वर आली, रोहिणीच्या चेहऱ्यावर क्षणभर टेकली आणि पुन्हा कागदावर गेली.

"अकरा वर्षं असतील तर जुळतं," ती म्हणाली. "थेंबही तेच सांगतोय. मी सरांना कळवते."

दार उघडलं, औषधाचा वास आला, दार बंद झालं.

रोहिणी बाकावर येऊन बसली. चंची तिच्या पायाशी पडली होती. तिनं ती उचलून सासूच्या आणि आपल्या मध्ये ठेवली. हात आपोआप पुढं झाला होता, हे नंतर तिच्या ध्यानात आलं.

लोधिवलीला, वडिलांच्या दारात, तिचा मांडव पडला होता. अठ्ठावीस वर्षांची घोडनवरी, कुणाची तक्रार नव्हती, बिजवर तर बिजवर. मुलाची आईच धवलारीण, म्हणून दुसरी कुणी बोलावली नव्हती. मोतीबाईनं स्वतः हळदीत बोट बुडवून गायलं होतं, डोळे मिटून, घसा भरून:

*मांडवाच्या दारी गं, केलीला आला घड,*
*नव्या नवरीची वटी, नारलानं जड.*

बायकांनी ओळ उचलून धरली होती. रोहिणीची आई पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. आणि गाणारीला त्या दिवशीही तो गुरुवार ठाऊक होता, तो घट, ती जीप. ओटीत नारळ घालणारा हात तोच.

"तुमाला ठावं होतं," रोहिणी म्हणाली.

मोतीबाई दाराकडं बघत राहिली.

"पयल्या दिसापासून," रोहिणी पुढं म्हणाली.

"हळू बोल. माणसं हायत."

"माणसं तर रोजच होती, आई. माणसांसमोरच बोलायच्या तुमी."

बुधाजी उठला. "मी जरा च्या बघून येतो," असं कुणालाच उद्देशून न म्हणता तो जिन्याकडं गेला.

मोतीबाई पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरत म्हणाली,

"पोरांना आई पायजे व्हती. कान्हा आठ वरसांचा, हिरू सहाची. नसबंदीवाल्याला कोण पोरगी देतंय? सांगितलं असतं तर दिली असती तुझ्या बापानं?"

"मग मला मावशी का म्हणायला शिकवलं त्यांना?"

मोतीबाई फट उकरतच राहिली.

"बरं, मला भुईच खडकाल का म्हणालात? गप तरी राहायचं. कुणी विचारलं तर 'देवाची मर्जी' म्हणायचं."

"लोकं विचारतात गं. पोराला नाव ठेवतात. कुणाच्या तरी अंगावर टाकायला लागतं." एवढं बोलून मोतीबाईनं लुगड्याचा पदर नीट केला, जणू एका सुनेला दुसऱ्या सुनेची गोष्ट सांगत होती. "तू सोसशील असं वाटलं. तू सोसलंस बी."

आतून कसलं तरी यंत्र एकसारखं टिकटिकत होतं. रोहिणी ऐकत राहिली. योगेंद्रचं धरणाखालचं रडणं तिला आठवलं. त्याचे हुंदके, नाक पुसायला तिनं दिलेला ओढणीचा काठ. रडणं खरं होतं, असं तिला आत्ताही वाटत होतं. फक्त ते कशासाठी होतं, ते तिला आता कळेना. एकटाच जाऊन आलो, म्हणाला होता. आईला त्यानं त्या जीपमधून अलगद उतरवून ठेवलं होतं. आणि सगळ्यांसमोर सांगन म्हणाला, ते कुणाला सांगणार होता? तिच्याशिवाय न कळलेलं त्या घरात राहिलंच होतं कोण?

साडेबाराला हर्षला परत आली. या वेळी तिच्या हातात निळी फाईल होती.

"तुकडा घेतला नाही," तिनं आधी मोतीबाईला सांगितलं. "तुमच्या तारखेमुळं बरं झालं, आजी. सर मागच्या बाजूनं जोड देताहेत. अजून तीन तास तरी लागतील."

मोतीबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"आणि नमुना?" रोहिणीनं विचारलं.

"गोठवला. प्रथिनांचा अहवाल यायला महिना लागेल. तो उपचारासाठी नाही, अभ्यासासाठी. पण तुम्हाला सांगेन." हर्षला बाकाच्या कडेला टेकली, आवाज खाली आणला. "ताई, फॉर्मचा दुसरा भाग राहिलाय. पत्नीची माहिती. आज नको असेल तर नंतर करू. किंवा तिकडं खोलीत बसू."

"काय माहिती?"

"वय, पाळी, आधीची बाळंतपणं. आणि मूल व्हावं म्हणून तुमच्यावर आजवर काय काय उपचार झाले ते."

"तिचं काय लिवायचं?" मोतीबाई डोळे टिपत म्हणाली. पोरगा सुखरूप आहे म्हटल्यावर तिचा आवाज सैल झाला होता. "तिला काय धाड भरलीय? तिच्यात काय बी खोट नाय. चांगली धट्टीकट्टी हाय ती."

रोहिणीनं मान वळवून सासूकडं बघितलं. हेच वाक्य. हेच ऐकायला ती पाच वर्षं थांबली होती, याच तोंडून. घरात, सगळ्यांसमोर. ते आलं ते असं, फॉर्मवरचा एक रकाना वाचवण्यासाठी.

"इथंच लिहू," ती हर्षलाला म्हणाली. "तुमी विचारा."

वय, पाळी, बाळंतपणं झाली. हर्षलानं पेन खालच्या रकान्यावर आणलं.

"उपचार?"

"लग्नानंतरची पहिली दिवाळी," रोहिणी म्हणाली. "भाऊबिजेचा दुसरा दिवस. कशेळ्याच्या बाजारात बसणाऱ्या मुळीवाल्याकडून मुळी आणली. शेळीच्या दुधात उगाळून तीन सकाळी दिली. तिसऱ्या सकाळी उलटीतून रक्त पडलं. दळणाच्या डब्यावर डोकं ठेवून बसले होते मी."

हर्षलानं लिहिलं.

"मग मार्गशीर्ष. गुरुवारचा उपास धरला. पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या गुरुवारी विहिरीवर चक्कर आली."

"रोहिने," मोतीबाई म्हणाली.

"मग पौष. भगताकडं नेलं. त्यानं केस मोकळे सोडायला लावले आणि वाडीबाहेरच्या उंबराला ओल्या लुगड्यानं एकवीस फेऱ्या. बुधवार होता."

"बुधवार नव्हता. मंगळवार," मोतीबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं ओठ आत घेतले.

"मंगळवार," रोहिणी हर्षलाला म्हणाली. "तसं लिहा. त्यांना बरोबर आठवतं."

हर्षलाचं पेन थांबलं होतं. तिनं ते पुन्हा चालवलं.

"होळीच्या आधी बेंबीखाली डाग दिला. खिळा तापवून. दोन. जखम शिमगा सरला तरी ओली होती. मग मृगात भाताचा राब पेरला तेव्हा माझ्या हातातली मूठ काढून घेतली. वांझेच्या हातचं बी रुजत नाही म्हणाले. पेरणी होईपर्यंत बांधाच्या पलीकडं उभं केलं."

"हा उपचार नाही, ताई."

"लिहा. औषध म्हणूनच केलं होतं."

मोतीबाईनं चंची उचलून छातीशी धरली. जिन्यावरून बुधाजी चहाचे तीन कागदी पेले सांभाळत वर आला, बाकाजवळचे चेहरे बघून वरच्या पायरीवरच थांबला, आणि तिथंच बसून स्वतःचा पेला प्यायला लागला.

हर्षलानं रकान्याच्या कडेनं, बारीक अक्षरात, शेवटची ओळ कशीबशी बसवली.

"ताई, जागा संपली इथली."

रोहिणीनं कागद तिच्या हातातून घेतला. उलटा केला. मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केला. मागची बाजू कोरी होती. तिनं तो परत हर्षलाच्या हातात दिला.

"आता दुसरं वर्ष," ती म्हणाली.